खोल्या किती, खोली किती

घर बांधायचं नक्की झालं तेव्हा पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला, "खोल्या किती काढतोयस?" त्याच संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "खोली किती?" त्यांना हल्ली ऐकायला कमी येतं, म्हणून भावाला सांगितलेलंच मी परत जोरात सांगू लागलो. पुढं बैठक, मागं स्वयंपाकघर, दोन झोपायच्या... त्यांनी हात आडवा केला. "वरचं राहू दे. खाली किती जाणार?"

आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून विसेक किलोमीटरवर. एवढं सांगितलं की आमच्या भागातल्या माणसाला अण्णांचा प्रश्न कळतो. बाकीच्यांसाठी सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून अण्णा उशिरा आले आणि दार कशाला वाजवायचं म्हणून बाहेर ओट्यावरच आडवे झाले. आमचा वाडा पंजोबांच्या काळातला. अडीच फूट रुंदीच्या दगडी भिंती आणि वर माळवद. दिसायला किल्ला, पण भिंत म्हणजे आतून एक दगडाचा पदर, बाहेरून एक पदर आणि मधे चिखल नि ठिकऱ्या. दोन्ही पदर धरून ठेवील असा आरपार लांब दगड कुठेच नाही. डोक्यावर माळवदाची दीड-दोन फूट माती. जमीन हलली तसे पदर सुटले आणि माती खाली आली. आमची मागची अख्खी भिंत गोठ्यावर पडली. बैल गेला, माणसं राहिली. शेजारच्या गावांत इतकं नशीब नव्हतं.

तेव्हापासून अण्णा पत्र्याच्या शेडमध्ये झोपतात. उन्हाळ्यात पत्रा भाजून काढतो, तरी तिथंच. वाड्याचा उरलेला भाग डागडुजी करून आम्ही वापरत राहिलो, पण दिवा मालवला की अण्णा आत थांबत नाहीत. आता तोही भाग उतरवून त्याच जागी नवं घर बांधायचं होतं. मी शिक्षक असल्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत जोत्यापर्यंतचं काम उरकू, असा माझा हिशेब. बजेट साडेतीन लाख.

कागदांचं थोडक्यात सांगतो. गावठाणातली जागा, त्यामुळे सातबारा नाही, ग्रामपंचायतीचा नमुना आठ. ड्रोनची मोजणी होऊन सनद मिळाली होती, ती या वेळी कामाला आली. दोन चुलत्यांच्या सह्या घ्यायला नकाशापेक्षा जास्त दिवस लागले. चहा वेगळा.

इंजिनियर लातूरचे, तरुण, पण चौकस. पहिल्याच भेटीत म्हणाले, "सर, १९९३ साली तुमचा भाग नकाशावर भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आता तिसऱ्या झोनमध्ये आहे. मी त्या हिशेबानं लोखंड देणार. कमी करा म्हणून मला फोन करायचा नाही." अण्णांना मी हे वाक्य मोठ्यानं ऐकवलं. त्यांनी इंजिनियरांसाठी आतून खुर्ची आणवली.

भूमिपूजन ३० एप्रिल २०२५ ला, अक्षय तृतीयेला. ईशान्येच्या कोपऱ्यात हातभर खड्डा. चांदीचा नाग, कासव, पंचरत्नाची पुडी, नारळ. मायनं पदरातून रानातली मूठभर काळी माती काढली आणि खड्ड्यात सोडली. घराच्या पायात काळी माती कणभरही नको, असं इंजिनियरांनी आदल्या आठवड्यात बजावलं होतं. ते हसून म्हणाले, "एवढी चालेल, आई."

काळ्या मातीबद्दलचं त्यांचं म्हणणं आम्हाला नवीन नव्हतंच. आमच्या रानात उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की त्यात विळा हरवतो, आणि पाऊस पडला की तीच जमीन फुगून पायाला गोळे लावते. ओली झाली की फुगणार, वाळली की आकसणार. पिकाला ती आई, भिंतीला सावत्र. तिच्या पोटातून जाऊन खालच्या मुरमावर पाय ठेवायचा, एवढाच सगळा डाव.

पण गावठाणात सरळ काळी लागत नाही, आधी पांढरी लागते. काळीत पिकवायचं आणि पांढरीत राहायचं हे आपण बोलून जातो. पांढरी म्हणजे नेमकं काय, ते मला खोदल्यावर दिसलं. पडलेल्या भिंतींची माती, चुलीची राख, खापरं, बांगड्यांचे तुकडे, कुठं एखादं हाड. पिढ्यान् पिढ्या घरावर घर बसून झालेला तीन-साडेतीन फुटांचा भुसभुशीत थर. त्याखाली दोन-अडीच फूट काळी. मग पिवळा मुरूम. म्हणजे सहा फुटांखाली गेल्याशिवाय पाय टेकत नव्हता. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "सात जा."

आखणीच्या दिवशी पहिला धडा मिळाला. मिस्त्री साठी ओलांडलेले. भूकंपानंतरच्या पुनर्वसनाच्या कामावर त्यांचा हात बसलेला. त्यांनी चुलत्याच्या भिंतीला समांतर दोरी धरली, गल्लीला समांतर दुसरी धरली आणि फक्की मारायला निघाले. घर २६ बाय ३४ फुटांचं. मी आपला गणिताचा मास्तर, म्हटलं कर्ण मोजू. एक भरला ४३ फूट २ इंच, दुसरा ४२ फूट ५ इंच. नऊ इंचांचा फरक! जुना वाडा काटकोनात नव्हताच आणि गल्ली तर मुळीच नव्हती. मग सहा-आठ-दहाच्या मापानं कोपरा धरला, दोऱ्या पुन्हा ताणल्या. दोन्ही कर्ण ४२ फूट साडेनऊ इंचांवर आले तेव्हा मिस्त्री म्हणाले, "सर, आता गल्लीकडची बाजू तिरकी दिसंल." दिसते. गल्ली तिरकी आहे.

चुलत्याच्या बाजूचं दुखणं वेगळं होतं. त्यांची जुनी दगडी भिंत आमच्या हद्दीला लागून. तिथं आमचे चार कॉलम. पाच फुटांचं फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा रुंद काँक्रीटचा पाया, कॉलमच्या चारी बाजूंना पसरायचं तर निम्मं त्यांच्या घरात जाणार. म्हणून त्या चौघांची फुटिंगं आत सरकवून ती आतल्या रांगेतल्या कॉलमांना जमिनीखालच्या स्ट्रॅप बीमनं बांधून घेतली. शिवाय तिथले चार खड्डे एका वेळी उघडायचे नाहीत, अशी इंजिनियरांची ताकीद होती. आधी पहिला आणि तिसरा. ते भरून, मुरूम दाबून झाले की दुसरा आणि चौथा. जेसीबीवाल्याला हे पटेना. एका फेरीत होणाऱ्या कामाला दोनदा यायचं म्हणजे डिझेल. पण बाजूच्या भिंतीचा पाया कसा असतो हे मी आमच्या भिंतीत पाहिलेलं होतं. दोनदाचे पैसे दिले.

सात नंबरच्या कॉलमला जेसीबीचं बकेट टेकवलं आणि ते गपकन हातभर आत गेलं. चालकानं मशीन मागं घेतलं. माती बाजूला केली तर खाली काळ्या दगडाची फरशी, तिरकी झालेली, आणि तिच्या कडेनं अंधार. मी वाकून बघायला लागलो तसे अण्णा शेडमधून ओरडले. इतक्या मोठ्यानं ते कित्येक वर्षांत बोलले नव्हते. "उतरू नगंस! पेव हाय ते!"

त्यांनी लहानपणी त्यात ज्वारी भरताना पाहिलेली. सुगीनंतर आत कडब्याचं अस्तर लावायचं, ज्वारी ओतायची, तोंड बंद करून वर माती. दुष्काळातच उघडायचं. उघडल्यावर लगेच कुणी उतरायचं नाही. आत कोंडलेल्या हवेनं माणसं गेलेली आहेत. कंदील दोरीनं सोडायचा, तो विझला तर थांबायचं. पन्नासेक वर्षांपूर्वी कधीतरी पेव बंद करून राख-मातीनं बुजवलं असणार, पण नीट नाही. वर चूल होती, नंतर देवघर. आम्ही इतकी वर्षं पोकळीवर देव बसवून होतो.

फरशी काढून रात्रभर ते उघडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी कंदील सोडला, जळत राहिला. मग जेसीबीनं तोंड रुंद करून आतला भुगा, राख, कुजलेला कडबा उपसला. पेवाचा तळ जमिनीपासून अकरा फुटांवर, कडक मुरमात. पहार टाकली तर टणकन वाजली. बाकीचे अकरा कॉलम सातावर आणि हा एक अकरावर! मिस्त्रींचं मत होतं, मुरूम टाका, पाणी सोडा, धुमसानं दाबा, बसतो. इंजिनियर म्हणाले, एका कॉलमखाली भराव आणि बाकीच्यांखाली मूळ जमीन असं चालत नाही. भराव थोडा बसला तरी घर तेवढ्याच कोपऱ्यात चिरतं. तळापासून फुटिंगच्या पातळीपर्यंत दगड आणि कोरडसर काँक्रीट थरानं भरायचं ठरलं. २६ हजार रुपये, आणि तेही न दिसणारे.

दगड कुठून आणायचा हा प्रश्न नव्हता. वाड्याच्या दगडांचा ढीग समोर पडलेला. पण त्या ढिगाला अण्णांनी बत्तीस वर्षांत हात लावू दिला नव्हता. मागं एकदा गोठ्याची भिंत घालायला मागितला तेव्हाही नाही म्हणाले होते. मी भीतभीतच विचारलं. ते पेवाच्या काठावर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "भिंतीत नगं. हितं खाली टाक. जमिनीत गेलेला दगड कुणाच्या अंगावर पडत न्हाई."

दगड उतरवायला ते स्वतः उभे राहिले. एवढं ऊन, तरी टोपीशिवाय.

आणि मग पाऊस. आमच्याकडे मे महिन्यात पाऊस म्हणजे वळवाची एखादी सर, गारा, वावटळ आणि संपलं. २०२५ चा मे मात्र आषाढासारखा पडला. मान्सून २४ मे ला केरळात आणि २६ मे ला मुंबईत पोचल्याच्या बातम्या आल्या, पण आमच्याकडे त्याआधीच खड्डे भरले होते. चार फुटिंगं झाली होती आणि आठ खड्डे उघडे, त्या आठांतही गुडघाभर पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच जिल्ह्यात मी मे महिन्यात पाणी उपसायला इंजिन शोधत हिंडत होतो. तेही भाड्यानं मिळेना, सगळ्यांचीच गरज.

पाणी उपसलं म्हणजे काम संपत नाही. खाली जो मुरूम कडक होता त्याचा वरचा पापुद्रा चिखल झालेला असतो. त्याच्यावर पीसीसी, म्हणजे लोखंडाशिवायचं साधं काँक्रीट, टाकलं तर ते लोण्यावर भाकरी ठेवल्यासारखं. हातानं चार-पाच इंच खरवडून परत टणक थर लागेपर्यंत गेलो. खोदलेली खोली मातीनं नाही, पीसीसीनंच भरून काढायची. कडेनं ढासळलेली पांढरी वेगळी उचलायची. आठांतले तीन खड्डे मी स्वतः खरवडले, कारण मजूर पेरणीच्या तयारीला निघून गेले. पाठ महिनाभर धरली होती.

लोखंडाच्या दोन भांडणांबद्दल सांगायलाच हवं. पहिलं रिंगांचं. मी शाळेच्या एका मीटिंगला गेलो होतो, तेवढ्यात फिटरच्या पोरानं कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या सव्वाशे रिंगा वाकवून ठेवल्या, आणि सगळ्यांची टोकं काटकोनात. नकाशात टोक १३५ अंशांत, म्हणजे आत कॉलमच्या पोटाकडे वळवलेलं. मी म्हटलं, परत वाकव. तो म्हणाला, "सर, सगळीकडं असंच चालतंय." तेव्हा मिस्त्रींनी चिमटीत एक रिंग धरून त्याला दाखवली. जमीन हलली की बाहेरचं काँक्रीट सुटतं आणि काटकोनातलं टोक बिजागरीसारखं उघडतं. मग उभ्या सळया बाहेर फुगतात. आत वळलेलं टोक काँक्रीटमध्ये रुतून बसतं. पोरगा किल्लारीनंतर दहा-बारा वर्षांनी जन्मलेला. तो काही बोलला नाही, रिंगा परत घेतल्या. एकदा वाकवलेली सळई उलगडून पुन्हा वाकवू नये म्हणून त्या बाजूला पडल्या आणि नव्या कापल्या. जुन्यांचा भंगाराचा भाव आला.

दुसरं भांडण घरातलंच. कॉलम १२ बाय १५ इंच आणि भिंत नऊ इंचांची. म्हणजे प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात तीन इंच कॉलम बाहेर. भाऊ फोनवर म्हणाला, "कपाट कसं बसणार? नऊचा घाल ना, भिंतीत लपतो." बायकोचंही तेच मत होतं. मी इंजिनियरांना फोन करणार होतो, मग त्यांचं पहिल्या भेटीतलं वाक्य आठवलं. कपाट तीन इंच पुढं येईल. कुणी विचारलं तर मी अण्णांचं नाव सांगतो. ते कुणालाच उत्तर देत नाहीत.

काँक्रीट ओतायच्या दिवशी माझं काम एकच, पाण्याच्या बादलीवर बसणं. सिमेंट, वाळू, खडीचं एकास दीड, तीन हे प्रमाण सगळ्यांना पाठ असतं, पण पाणी जो तो अंदाजानं घालतो, आणि मिक्सरवाल्याचा अंदाज नेहमी जास्तीकडे झुकतो, कारण पातळ माल घमेल्यातून सहज सरकतो. आमच्या हिशेबात सिमेंटच्या एका गोणीला २५ ते २७ लिटर. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, ओली असेल तर आणखी कमी. मी तेरा लिटरची बादली ठेवली आणि गोणीला दोनच्या वर हात लावू दिला नाही. दुपारपर्यंत मजुरांनी माझं नाव "बादली सर" ठेवलं होतं. पुढं शाळेतही गेलं ते नाव.

फुटिंगच्या जाळीखाली ठेवायला ५० मिलिमीटरचे ठोकळे मुलांनी आधीच सिमेंट-वाळूचे पाडून भिजत ठेवले होते. तरी एका खड्ड्यात मला टाइलचे तुकडे सापडले. ते कुणी ठेवले, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

पाणी मारणं मायकडे. सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक कॉलमला बारदान गुंडाळून, मोजून चौदा दिवस. पाऊस पडत असला तरी ती बाहेर येऊन बारदान चाचपून बघायची. "वरून वलं दिसतंय, आत कोरडं हाय," म्हणायची आणि तांब्या ओतायची.

जोतं रस्त्यापासून तीन फूट वर घेतलं. लोक हसले. पण आमच्या गल्लीतला रस्ता दर निवडणुकीला सहा इंच वर येतो. समोरच्यांच्या घरात आता दोन पायऱ्या उतरून जावं लागतं. खड्ड्यांच्या भोवतीनं आणि जोत्यात सगळीकडे मुरूमच. उकरलेली माती फुकट समोर पडलेली असताना पैसे देऊन २७ ब्रास मुरूम आणणारा मूर्ख म्हणून मी गावात ओळखला जाऊ लागलो. सहा-सहा इंचांचा थर, पाणी, दाबणी, परत थर. प्लिंथ बीम झाला तेव्हा जुलै उजाडला होता आणि हिशेब पावणेपाच लाखांवर गेला होता. पुढच्या पैशांची सोय दिवाळीपर्यंत नव्हती. इंजिनियर म्हणाले, बरंच आहे, पावसाळाभर बसू दे.

सप्टेंबरात मराठवाड्यात जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. मांजरा, तेरणा दुथडी भरून वाहत होत्या, सोयाबीन शेंगांसकट पाण्याखाली. आमच्या गल्लीतून दोन दिवस ओढा वाहिला. पाणी ओसरल्यावर मी आणि मिस्त्री लेव्हल पाइप घेऊन जोत्यावर चढलो. मधला मुरूम एका ठिकाणी दीड इंच बसला होता. बारा कॉलमांच्या खुणा एका रेषेत. सात नंबरला मी तीनदा पाइप धरला.

दिवाळीत भाऊ आला. जोत्यावर मी खडूनं भिंती आखून ठेवल्या होत्या. तो बैठकीत उभा राहिला, दोन पावलांत स्वयंपाकघरात गेला, परत आला. "दादा, लहानच वाटतंय रे सगळं. एवढ्या पैशात एवढंच झालं?" भिंती नसताना सगळ्याच खोल्या लहान दिसतात, मिस्त्रींनी मला आधीच सांगितलं होतं. अण्णा जोत्याच्या कडेला पाय सोडून बसले होते. त्यांना प्रश्न ऐकू आला की नाही, कुणास ठाऊक. "सात," ते म्हणाले. "आन् एका जागी अकरा."

त्या रात्री ते शेडमधली खाट ओढत घेऊन आले आणि सात नंबरच्या कॉलमाजवळ टाकली. माय म्हणाली, थंडी पडलीय. ते म्हणाले, "वर छप्पर न्हाई तवर हितंच झोपतो."